कोरसची जागा

१

रविवारी सकाळी आमच्या घरात मटण असतं आणि रियाझ असतो. दोन्हींची वेळ एकच, त्यामुळे कुकरची शिट्टी कुठल्या गाण्यात कुठे येणार हे मला पाठ आहे. मी ढोलकी वाजवतो, रश्मी गाते. रश्मी म्हणजे माझी बायको. जगदीशदादांच्या गायन पार्टीत ती गायला आली तेव्हा मी तिथे वाजवत होतो, पुढचं सगळं तालातच झालं. माझ्या आईसमोर ती मला 'अहो' म्हणते आणि आई आत गेली की 'धम्मा'. एरवी मी लिफ्ट दुरुस्त करतो. आवाज आला की तो कुठून आला ते शोधायचं, यावर माझं पोट चालतं. म्हणूनच पुढचं सांगताना मला जरा लाज वाटते.

आमच्या पार्टीची एक रीत आहे. गाणारी ओळ काढते, मग कोरस तीच ओळ धरतो. तेवढ्या वेळात ढोलकीवाल्याने हात हलका ठेवायचा. याला आम्ही जागा सोडणं म्हणतो. ज्याला जागा सोडता येत नाही त्याला दादा स्टेजवर बसवत नाहीत, मग तो कितीही जोरात वाजवो.

त्या रविवारी दादा गावाला गेले होते आणि कोरसची पोरं घरी लोळत होती. चाळ पाडून बांधलेल्या आमच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर रियाझाला आम्ही दोघंच होतो. रश्मीने ओळ संपवली आणि सवयीने माझा हात हलका पडला. पंखा फिरत होता, कुकर अजून गप्प होता.

"कुणासाठी सोडलीस रे?" रश्मी हसायला लागली.

"हाताला सवय आहे गं. हाताला काय माहीत कोरस झोपलाय ते."

पुढच्या ओळीलाही सुटली. आम्ही पुन्हा हसलो. त्याच्या पुढच्या ओळीला मी मुद्दाम सोडली, तिला चिडवायला. तेव्हा त्या रिकाम्या जागेत टक् टक् असा आवाज आला, अगदी ठेक्यात. रश्मीने गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

२

गाठ दिवाळीतच दिसली होती. डाव्या कानाच्या पुढे, जबड्याचा सांधा हलतो तिथे. आईने मिठाचा शेक दिला. शेजारणीने गालगुंड ठरवलं आणि हळदीचा लेप पाठवला. तोवर रश्मीची हनुवटी जराशी उजवीकडे सरकली होती, त्यामुळे तिचं हसू एका बाजूला जायचं. मला ते आवडायचं, खरं सांगतो. पण घास चावताना ती डोळे मिटायला लागली, तेव्हा मी तिला परळच्या हॉस्पिटलात नेलं.

जबड्याच्या डॉक्टर मेघना वयाने लहान आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला." रश्मीची दोनच गेली. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर तिचा जबडा दाखवला. सांध्याच्या हाडाला एक कोंब फुटला होता.

"हाडाची गाठ आहे. वर कूर्चेची टोपी. मटणातलं कुरकुरीत हाड असतं ना, तसं. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही."

"परत सांगा ना," रश्मी म्हणाली.

"कॅन्सर नाही."

"अजून एकदा."

डॉक्टर हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या. खाली आल्यावर आम्ही जिलेबी घेतली आणि बस स्टॉपवरच्या अनोळखी माणसांनाही वाटली. एका आजोबांनी विचारलं, मुलगा की मुलगी? रश्मी म्हणाली, "गाठ झाली, साधी आहे!" आजोबांनी जिलेबी खाल्ली आणि घाईघाईने पुढच्या बसमध्ये चढले.

टक् टक् आवाजाबद्दल मी विचारलं होतं. सांधा नीट बसत नाही, वाजणारच, असं उत्तर मिळालं. आवाजाचं कारण सापडलं की माझं डोकं शांत होतं, तसं ते झालं. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं, नाहीतर तोंड उघडणं आणखी कमी झालं असतं. पण रश्मीचा जीव चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात अडकला होता. आजवर ती दुसऱ्यांनी रचलेली गाणी गायली. यंदा पहिल्यांदा तिने स्वतःचं गाणं बांधलं होतं, तिच्या आईवर. भायखळ्याच्या बाजारात भाजी विकता विकता त्या माऊलीने म्हातारपणी सही शिकून घेतली होती.

सही शिकली माय माझी, पाटीवरती खडूनं,
मी शिकले गं गाणं तिच्या चुलीपाशी दडून.

अशी सुरुवात होती. तीन कडवी. दोन मला बसवून दिली. तिसरं काही केल्या सांगेना.

"निदान लिहून तरी ठेव."

"लिहिलं की तू वाचणार. ते डायरेक्ट स्टेजवर. तू पण तिथेच ऐकायचं आणि रडायचं."

"मॅडम, चिरताना गाणं तर नाही ना जाणार?" तिने डॉक्टरांनाही विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, गाणं जबड्यात नसतं, निश्चिंत राहा. जानेवारीत ऑपरेशन, एप्रिलमध्ये गाणं, असं ठरलं.

३

दादांना पाठवायला मी फोनवर गाणं रेकॉर्ड केलं. दुपारी कानाला लावून ऐकत होतो. रश्मीची ओळ झाली. माझी जागा सुटली. आणि कोरसने ओळ धरली.

बाईचा आवाज होता. रश्मीपेक्षा थोडा खालचा आणि गोड. मला वाटलं, हिनेच म्हटलं असेल. पण त्याच वेळी पेल्याचा आवाज येत होता आणि रश्मी घटाघटा पाणी पीत होती. रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही होतं, पिणंही आणि गाणंही.

मी तिला ऐकवलं. घाबरेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा उजळला.

"तुला पण ऐकू येतं? मला वाटलं मलाच येतं! आतून, इथून." तिने कानापुढच्या गाठीवर बोट ठेवलं. "धम्मा, मला कधी बाईची साथ मिळाली रे? ती पोरं घोगरी, त्यांना सूर लावायला सांगितलं की खाकरतात. ही बघ कशी धरते!"

मी माझं काम सुरू केलं. पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली. पाइपच्या डक्टला कान लावला तर खालच्या मजल्यावरचं भांडण ऐकू आलं, ते फार मजेशीर होतं, पण गाणं नव्हतं. मग मी रश्मीच्या गालाला कान लावला. गाल गरम होता, गाठ कडक. तिने ओठ मिटून घेतले आणि मी तिच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. जागा सोडली. हाडाच्या आतून, दाराआड कुणी हळू गावं तशी, ओळीची शेपटी आली. "...चुलीपाशी दडून."

मी मान मागे घेतली. हाडातून आवाज जातो, हे मला माहीत आहे. लिफ्टच्या लोखंडातून तळाचा आवाज वर येतो. गळ्यात काही तरी घुमत असेल आणि हाड ते वाढवत असेल. असं मी रश्मीला समजावलं आणि ती म्हणाली, "असेल. पण गोड आहे ना?" गोड होतंच. मी नाही कसं म्हणणार?

माझ्या आईचे, कौसल्याबाईंचे, कान आता गेल्यात जमा आहेत. टीव्ही फुल्ल लावून ती फक्त चित्रं बघते. त्या संध्याकाळी आम्ही गात असताना ती दारात येऊन उभी राहिली, सुनेच्या मागे कोण बसलीय म्हणून वाकून बघायला लागली.

"अगं, त्या बाईला चहा दिलास का? केव्हाची गातेय बिचारी."

रश्मीच्या मागे कपाट होतं.

४

दादा गावाहून आले ते फणसपोळी आणि पेटी घेऊनच. ते पेटीवर बसले, मी ढोलकीवर. पहिल्या ओळीनंतर कोरस आला तेव्हा दादांच्या भुवया वर गेल्या. रश्मी गळ्यातून काही तरी करामत करते आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली. "वहिनी, कमाल! तोंड बंद ठेवून? हे स्टेजवर कराच."

मग दुसऱ्या कडव्याला रश्मीने श्वास घेतला आणि तिच्या आधीच ओळ आली. कोरस पुढे निघाला होता. रश्मीचं तोंड नुसतं उघडं राहिलं.

दादांनी पेटीचा भाता दाबून बंद केला. सुराच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. "ए! कोरसनं ओळ काढायची नाही. कोरसनं फक्त धरायची. काढणारीनं काढल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. समजलं?"

एखाद्या पोराला दम द्यावा तसं ते बोलले. आणि तो आवाज तिथेच थांबला. पुढची सगळी वेळ तो रश्मीच्या मागून आला, बेताने, एकदाही पुढे न जाता. आम्ही तिघंही हसलो आणि मी दादांना म्हणालो, तुमचा धाक हाडापर्यंत पोचला. हसलो खरा, पण मला आतून बरं वाटत नव्हतं. दम दिल्यावर जे गप्प होतं, त्याला कान असतात.

त्यानंतर रश्मीचं तोंड झपाट्याने मिटत गेलं. दोन बोटांचं एकच राहिलं. भात ती चमच्याने सरकवायची आणि तरी मला हसवायची. जसजसं तिचं तोंड मिटत गेलं तसतशी साथ मोकळी होत गेली. स्वयंपाकघरात भांडी घासताना रश्मी नुसतं गुणगुणायची आणि दिवाणखान्यात मला दोघींचं ऐकू यायचं.

एका रविवारी मी ठरवलं, जागा सोडायचीच नाही. रश्मीची ओळ संपली की मी ठेका भरून काढायचो, एकही फट न ठेवता. दोन ओळी तसं चाललं. तिसऱ्या ओळीला रश्मीचा जबडा अडकला. दात दातावर घट्ट बसले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. ती हाताने लादी थोपटायला लागली आणि दातांच्या मधून म्हणाली, "जागा. धम्मा, जागा दे."

मी हात उचलला. मग आतून ती ओळ आली, पूर्ण, सावकाश, जेवण झाल्यावर माणूस पाय पसरून बसतो तशी. आणि रश्मीचा जबडा सुटला.

ती रडत होती आणि हसतही होती. मी तिला जवळ घेतलं. डोळे पुसून ती म्हणाली, "काढून टाकू या. आवाज गोड आहे, पण मला माझ्या तोंडानं गायचंय. दोन कडवी तिला पाठ झालीत, होऊ देत. तिसरं मी तिला देणार नाही."

"तिसरं तिला कसं कळणार? तू ते कधी गायलीच नाहीस."

"मनात म्हणते ना," रश्मी म्हणाली. "मनात म्हणायला लागले की ती कान देऊन बसते. मग मी मधेच थांबते."

५

ऑपरेशन सकाळी होतं. रश्मी हिरव्या गाऊनमध्ये बसली होती आणि बाजूच्या खाटेवरच्या आजींना नव्या नर्सची नक्कल करून दाखवत होती. आत नेताना तिने मला जवळ बोलावलं. तोंड जेमतेम उघडत होतं तरी म्हणाली, "रडायचं जयंतीला. आज नाही. आज रडलास तर बघ."

मी बाहेर बाकावर बसलो. दुपार व्हायच्या आत डॉक्टर मेघना बाहेर आल्या, टोपी काढून केस मोकळे करत, आणि त्यांचा चेहरा बघूनच मी उठलो. सगळं छान झालं होतं. पूर्ण निघाली, सांधा वाचला. "बघायचीय?"

त्यांच्या हातात छोटी बरणी होती. पाण्यासारख्या औषधात ती पडली होती. पांढरी, छत्री उघडायच्या आधीच्या अळंबीसारखी, वर निळसर गुळगुळीत टोपी. मला तिची दया आली, हे विचित्र आहे, पण आली. एवढीशी होती. त्याच वेळी डॉक्टरांचा फोन वाजला आणि त्यांनी बरणी माझ्या शेजारी बाकावर ठेवली.

त्या पाठमोऱ्या होऊन बोलत होत्या. कॉरिडॉरमध्ये कुणी तरी गुणगुणत होतं. आमचीच चाल होती. मला वाटलं, रश्मीने सकाळी नर्सला शिकवली असणार, तिचा भरवसा नाही. पण चाल दुसऱ्या कडव्यावरून पुढे गेली आणि एका अशा वळणावर वर चढली की माझ्या अंगावर काटा आला. ते वळण मी कधी ऐकलं नव्हतं. फार सुंदर होतं. मी मान वळवून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा होता, फक्त लांब एक मावशी लादी पुसत होती आणि तिच्या तोंडात पान होतं.

"हे लॅबला जाईल," म्हणत डॉक्टरांनी बरणी उचलली. रिपोर्ट आठवड्याने आला. साधीच गाठ. पुन्हा जिलेबी आली.

६

त्यानंतरचे दिवस आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे होते. तोंडाच्या व्यायामासाठी रश्मीने आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांत धरायची आणि दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. काड्या पुरवायला मी इतकी कुल्फी खाल्ली की पँट घट्ट झाली. काडी वाढली की आई टाळ्या वाजवायची. हनुवटी मधोमध आली, हसू सरळ झालं. अखेर एका दुपारी तिची तीन बोटं तोंडात गेली आणि मी घरभर नाचलो.

घर शांत होतं. टक् टक् नाही, साथ नाही. मी तिच्या गालाला कान लावून पाहिलं, एकदा नाही, रोज.

"दुखतं का गं अजून?"

"नाही दुखत अजून."

"रविवारी मटण आणू?"

"मटण आणू."

डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, गायला तर एप्रिलपर्यंत बंदीच होती, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. उलट मी खूश होतो. कुरकुरीत हाडावरून दर रविवारी आमचं भांडण व्हायचं, ते बंद झालं. मी विचारलं "मी घेऊ?" की ती गोड हसून म्हणायची, "घेऊ." आपणहून ती काही मागायची नाही, कशाला नावं ठेवायची नाही, मला चिडवायची नाही. नवरे लोक ज्याला नशीब म्हणतात ते माझ्या घरी आलं होतं. फक्त कधी कधी, कामाला जाताना, दारात रेंगाळून मी वाट बघायचो की ही मला काही तरी टोमणा मारेल.

जयंतीच्या आदल्या दिवशी दादांनी सगळ्यांना गोळा केलं. रश्मी कोरसच्या पोरांमध्ये जाऊन बसली आणि त्यांच्याबरोबर ओळी धरत राहिली. आवाज आधीपेक्षा भरलेला होता, थोडा खालचा. दादा म्हणाले, बरोबर आहे, गळा तापवतेय, उद्याला राखून ठेवतेय. तिचं गाणं आम्ही वाजवलं नाही. ते डायरेक्ट स्टेजवर, असं तिनेच तर सांगितलं होतं.

७

जयंतीला आमचा रस्ता ओळखू येत नाही. निळे झेंडे, निळे दिवे, कढईतून खीर, बाप्यांच्या खांद्यावर पोरं, चार पिढ्या एकाच रस्त्यावर नाचतात. संध्याकाळी स्टेजवर चढलो तेव्हा समोर माणसंच माणसं होती. पहिल्या रांगेत रश्मीची आई बसली होती, नवं पांढरं लुगडं नेसून. लेकीने आपल्यावर गाणं केलंय हे तिला कळलं होतं आणि गाण्याआधीच तिचे डोळे भरले होते.

दादांनी माइकवर सांगितलं, "आता आमच्या रश्मीवहिनी, स्वतः रचलेलं गाणं, पहिल्यांदा." टाळ्या पडल्या. दादांनी सूर दिला. मी ठेका धरला.

रश्मी माइकपाशी उभी होती, निळ्या साडीत, इतकी देखणी. ठेक्याचं एक आवर्तन फिरलं. ती गायली नाही. घाबरली असेल, म्हणून मी अजून एक फिरवलं. मग तिसरं. दादांनी पेटीवरून ओळीचे सूर वाजवून दाखवले. ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत भीती नव्हती, आनंद होता, आणि वाट बघणं होतं. तोंड थोडं उघडं होतं.

मी आमच्या पार्टीत बावीस वर्षं घालवली आहेत. दुसऱ्या कुणी ओळ काढावी म्हणून असं वाट बघत कोण उभं राहतं ते मला कळतं.

माझे हात चालत राहिले, बाकी सगळा मी गार पडलो. तिची आई समोर डोळे पुसत होती. लोक कुजबुजायला लागले. माझा आवाज फाटका आहे, अंघोळीलासुद्धा मी गात नाही. पण मी माइक जवळ ओढला आणि ओळ काढली. "सही शिकली माय माझी..."

तिने ती धरली. ती अशी धरली की रस्ता हलला. पुढची ओळ मी काढली, पुढचीही तिने धरली. लोकांना वाटलं, नवराबायकोचं हे नवीनच आहे. शिट्ट्या आल्या, नोटा नाहीत, पण फुलं उडाली. पोरं नाचायला लागली. दादा पेटीवरून मला मान हलवून दाद देत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. खरं सांगतो, इतका रंगलेला कार्यक्रम आम्ही कधी केला नव्हता, आणि त्या सुराच्या खाली बसून मला सुख होत होतं. अंग गार होतं तरी होत होतं.

मग तिसरं कडवं आलं.

मी ठेका फिरवत ठेवला आणि पुढे वाकून म्हणालो, "रश्मी. काढ ना गं. तुझं तिसरं कडवं. आई बसलीय समोर."

ती माझ्याकडे बघत राहिली, भरल्या डोळ्यांनी, प्रेमाने. मी काहीही म्हटलं असतं तरी तिने ते धरलं असतं.

मी तोडा घेतला आणि गाणं बंद केलं. टाळ्या थांबेनात. तिच्या आईने दोन्ही हात वर करून लेकीची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. मागून पोरं ओरडायला लागली, "वन्स मोअर! वन्स मोअर!" दादांनी हसत पुन्हा सूर दिला. ती लगेच माझ्याकडे वळली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला दोनच कडवी येतात.